दोन वृत्तालेखांची तुलना: ‘सायकलने येणारे विद्यार्थी कोणत्या शाळेत जास्त?’ याचं उत्तर अ की ब?

सरावपत्रिका

दहावीच्या सांख्यिकीच्या प्रकरणावर सरावपत्रिका तयार होते आहे. एका गणितावर दोन तट पडलेत, म्हणून इथे टाकतोय. आकडे काल्पनिक आहेत, आकडेमोड सुटसुटीत व्हावी म्हणून निवडलेले.

विद्यार्थी शाळेत कसे येतात याचं सर्वेक्षण दोन शाळांत झालं. प्रत्येकाने एकच पर्याय निवडला. दोन वृत्तालेख (वर्तुळाच्या पाकळ्या पाडून वाटे दाखवणारे आलेख, म्हणजे पाय चार्ट) शेजारी शेजारी छापलेत, दोन्हींची त्रिज्या ३ सेमी. पाकळ्यांवर केंद्रीय कोन लिहिलेले आहेत.

शाळा अ (एकूण १८०): चालत १२०°, सायकल १००°, एसटी ६०°, रिक्षा किंवा व्हॅन ५०°, पालकांच्या दुचाकीवर ३०°.

शाळा ब (एकूण ४८०): चालत ९०°, सायकल ६०°, एसटी ४५°, रिक्षा किंवा व्हॅन १०५°, पालकांच्या दुचाकीवर ६०°.

प्रश्न असा: ‘सायकलने येणारे विद्यार्थी कोणत्या शाळेत जास्त आहेत?’ उत्तरसूचीत ‘शाळा अ, कारण १००° हा ६०° पेक्षा मोठा’ असं आहे. अर्ध्या लोकांचं म्हणणं, उत्तर ब. दुसरा प्रश्न: दोन्ही शाळा एकत्र धरून एकच वृत्तालेख काढला तर सायकलचा कोन किती? सूचीत ८०° दिलाय, तो मला खटकतोय. आणि तिसरी शंका, एकूण संख्या इतक्या वेगळ्या असताना वर्तुळं सारखीच काढावीत का?

---

ताळा

मुलांना दोष देऊ नका, प्रश्नच मोघम आहे. ‘जास्त’ म्हणजे शंभरामागे जास्त की डोकी मोजून जास्त, हे त्यात कुठेच नाही.

कोनावरून कळतो तो वाटा. संख्या हवी असेल तर एकूण लागतंच. मुलांना एक सवय लावा: गणित हातात घेतल्यावर आधी प्रत्येक वर्तुळाच्या डोक्यावर एका अंशाची किंमत लिहायची. शाळा अ मध्ये १८० ÷ ३६०, म्हणजे एका अंशाला अर्धा विद्यार्थी. शाळा ब मध्ये ४८० ÷ ३६०, म्हणजे एका अंशाला एक पूर्णांक एक तृतीयांश. ही किंमत समोर असली की बाकीचा नुसता गुणाकार:

अ: चालत ६०, सायकल ५०, एसटी ३०, रिक्षा-व्हॅन २५, दुचाकी १५. बेरीज १८०.
ब: चालत १२०, सायकल ८०, एसटी ६०, रिक्षा-व्हॅन १४०, दुचाकी ८०. बेरीज ४८०.

बेरजेचा ताळा सोडू नये. कोनांची बेरीज ३६० आणि संख्यांची बेरीज एकूणाइतकी, दोन्ही पाहायच्या. कोन चुकीचा उतरवला असेल तर इथेच सापडतो.

आता सायकल. अ मध्ये शंभरामागे २७.८, ब मध्ये १६.७. संख्येने मात्र अ मध्ये ५० आणि ब मध्ये ८०. चालत येणाऱ्यांचं आणि एसटीचंही तेच: कोन अ चा मोठा, संख्या ब ची मोठी. पाचपैकी तीन घटकांत उलटं होतंय, म्हणजे हा अपवाद म्हणून सोडून देता येणार नाही.

उलटं कधी होतं हे आधीच ओळखता येतं. ब ची एकूण संख्या अ च्या २.६७ पट आहे. तेव्हा अ चा कोन ब च्या कोनाच्या २.६७ पटीहून मोठा असेल तरच अ ची संख्या जास्त भरेल. सायकलला कोनांचं गुणोत्तर १००:६०, म्हणजे १.६७ पट. नाही पुरत. हुशार मुलं एकही संख्या न काढता एवढ्यावरून उत्तर देतील, आणि त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत.

८०° तर साफ चूक. दोन कोनांची सरासरी काढली म्हणजे दोन्ही शाळांना सारखंच वजन दिलं. एकत्र केल्यावर सायकलवाले ५० + ८० = १३०, एकूण ६६०, कोन १३० ÷ ६६० × ३६० = ७०.९°, म्हणजे सुमारे ७१°. उत्तर ६० आणि १०० च्या मध्येच हवं, पण मोठ्या शाळेकडे झुकलेलं. ७१ झुकलंय, ८० बरोबर मधोमध आहे, तिथेच शंका यायला हवी. रिक्षा-व्हॅनचं पाहा: सरासरी ७७.५° येते, खरा कोन १६५ ÷ ६६० × ३६० = ९०°, चक्क काटकोन. सरावपत्रिकेत सायकलऐवजी हाच घटक विचारला तर सरासरीवाले लगेच उघडे पडतील.

सुधारणा म्हणून दोन उपप्रश्न करा. ‘सायकलने येणाऱ्यांचे शेकडा प्रमाण कोणत्या शाळेत जास्त?’ आणि ‘सायकलने येणाऱ्यांची संख्या कोणत्या शाळेत जास्त व कितीने?’ तिसरा घालायचा तर हा घाला: एकूण संख्या न देता नुसते दोन वृत्तालेख द्या आणि संख्या विचारा. अपेक्षित उत्तर ‘दिलेल्या माहितीवरून सांगता येणार नाही’. असं उत्तर लिहायला मुलं घाबरतात, कारण गणिताला आकडाच उत्तर असतो अशी त्यांची समजूत असते. मात्र एखाद्या एका घटकाची संख्या दिली असेल तर एकूण निघतं: १००° ला ५० तर ३६०° ला १८०.

---

नकाशावही

तिसऱ्या शंकेचं उत्तर भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आहे. विभाजित वर्तुळं तुलनेसाठी काढायची तर क्षेत्रफळ एकूणाच्या प्रमाणात हवं. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर जातं, म्हणून त्रिज्यांचं गुणोत्तर एकूणांच्या वर्गमुळांचं. इथे ४८० ÷ १८० = २.६७, वर्गमूळ १.६३. अ ची त्रिज्या ३ सेमी तर ब ची ४.९ सेमी. मुलं हमखास त्रिज्याच २.६७ पट करतात, मग ब चं वर्तुळ ८ सेमी त्रिज्येचं होतं आणि क्षेत्रफळ सातपटीच्या वर जातं. कागदावर ब शाळा अक्राळविक्राळ दिसते.

ही काही नवी शक्कल नाही. विल्यम प्लेफेअरने १८०१ मध्ये पहिला वृत्तालेख छापला, त्यातही देशांची वर्तुळं त्यांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात लहानमोठी होती, आणि तुर्की साम्राज्याच्या वर्तुळाचे आशिया, युरोप, आफ्रिका असे भाग पाडले होते.

सारख्या आकाराची वर्तुळं काढायला बंदी नाही. फक्त वाट्यांचीच तुलना करायची असेल तर सारखीच बरी, पण मग एकूण संख्या प्रत्येक वर्तुळाखाली ठळक हवी. ती बारीक अक्षरात कोपऱ्यात टाकली की वाचणारा सगळं सारखंच धरून चालतो.

काल्पनिक आकड्यांनंतर एक खरं उदाहरण द्या. जनगणनेचे महाराष्ट्राचे आकडे यासाठी फार चांगले आहेत (जनगणना म्हणजे नमुना सर्वेक्षण नव्हे, सगळ्यांची मोजणी, पण वाचनाची रीत तीच).

२००१: ग्रामीण ५.५८ कोटी, नागरी ४.११ कोटी, एकूण ९.६९ कोटी. ग्रामीण वाटा ५७.५७ टक्के, कोन सुमारे २०७°.
२०११: ग्रामीण ६.१६ कोटी, नागरी ५.०८ कोटी, एकूण ११.२४ कोटी. ग्रामीण वाटा ५४.७८ टक्के, कोन सुमारे १९७°.

शेजारी ठेवून विचारा, ‘दहा वर्षांत महाराष्ट्राच्या खेड्यांतली माणसं वाढली की कमी झाली?’ बहुतेक उत्तरं ‘कमी झाली’ येतील, कारण पाकळी १०° ने आकसलीय. प्रत्यक्षात ग्रामीण लोकसंख्या जवळजवळ ५८ लाखांनी वाढली. नागरी ९७ लाखांनी वाढली, म्हणून ग्रामीण पाकळी लहान झाली. वाट्यांचा स्वभावच असा: एक वाढला की दुसऱ्याला घटावंच लागतं, मग त्या दुसऱ्याची संख्या वाढलेली का असेना.

इथे वर्तुळं प्रमाणात काढली तरी ११.२४ ÷ ९.६९ चं वर्गमूळ १.०८ येतं. पहिलं ५ सेमी तर दुसरं ५.४ सेमी. डोळ्याला फारसा फरक दिसत नाही, त्यामुळे आकडा लिहिणं आलंच.

आणखी एक मेख आहे. जनगणनेत नागरी भाग म्हणजे फक्त नगरपालिका-महानगरपालिका नव्हे. किमान ५००० लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर आणि चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, या तिन्ही कसोट्यांत बसलेलं गाव ग्रामपंचायत असूनही नागरी धरलं जातं. म्हणजे २००१ मध्ये ग्रामीण पाकळीत असलेलं गाव २०११ मध्ये जागचं न हलता नागरी पाकळीत गेलेलं असू शकतं. दोन वृत्तालेखांत घटकाचं नाव तेच असलं तरी त्याच्या पोटात काय काय आहे ते वेगळं असू शकतं. आधी व्याख्या पाहायची, कोनमापक नंतर.

गोवाही जोडीला घ्या. २०११ मध्ये गोव्याची ६२.१७ टक्के लोकसंख्या नागरी, म्हणजे २२४° ची पाकळी. महाराष्ट्राची ४५.२२ टक्के, १६३°. पण गोव्याच्या त्या मोठ्या पाकळीत ९.०७ लाख माणसं आहेत, महाराष्ट्राच्या लहान पाकळीत ५.०८ कोटी. गोव्याच्या वर्तुळात एका अंशाला ४ हजार माणसं, महाराष्ट्राच्या वर्तुळात ३ लाख १२ हजार. कोन मोजताना एक अंश इकडेतिकडे झाला तर उत्तरात केवढी तफावत पडते, हे मुलांना याहून चांगलं कशाने दाखवणार?

---

सरावपत्रिका

तिन्ही शंका फिटल्या. उत्तरसूची बदलतोय, रिक्षा-व्हॅनचा प्रश्न तर घेणारच.

याच प्रकरणाला जोडून नववीचा प्रकल्प आहे. मुलं गावातल्या दोन प्रभागांत प्रश्नावली भरून घेणार आणि वृत्तालेख काढून तुलना करणार. प्रश्न दोनच: ‘ओला आणि सुका कचरा घरी वेगळा करता का?’ (होय / नाही / सांगता येत नाही) आणि ‘गावातल्या बातम्या कशावरून कळतात?’ (एकापेक्षा जास्त पर्याय चालतील). यात काय चुकू शकतं ते आधीच कळलं तर बरं.

---

पाया_किती

दुसरा प्रश्न असाच ठेवणार असाल तर त्याचा वृत्तालेख काढू नका. समजा १०० घरं: मोबाइल ८०, टीव्ही ६०, वर्तमानपत्र २०. उत्तरं झाली १६०. संगणकाला हे तीन आकडे दिले की तो मुकाट्याने १६० ला ३६०° धरतो आणि मोबाइलला १८०° देतो. वाचणारा म्हणणार ‘निम्म्या घरांत मोबाइलवरून बातम्या कळतात’. खरं तर १०० पैकी ८० घरांत. दोन प्रभागांची तुलना तर त्याहून बिघडते, कारण एका प्रभागात माणशी दीड उत्तर आणि दुसऱ्यात अडीच पडलं असेल तर दुसऱ्यातली प्रत्येक पाकळी उगाच बारीक होते. एकतर ‘सर्वांत आधी कशावरून कळतात, एकच सांगा’ असा प्रश्न करा, नाहीतर साधा स्तंभालेख काढा आणि प्रत्येक स्तंभ घरांच्या संख्येवर मोजा.

पहिल्या प्रश्नात खरी गोम ‘सांगता येत नाही’ मध्ये आहे. २०० घरांत होय ९०, नाही ७०, सांगता येत नाही ४० असं आलं. तिन्ही धरले तर होय ४५ टक्के, कोन १६२°. एका गटाने ‘सांगता येत नाही’ वाले बाजूला काढले तर पाया, म्हणजे ज्या संख्येवर टक्के काढायचे ती, उरतो १६०, आणि तेच ९० आता ५६ टक्के होतात, कोन २०२.५°. प्रभाग एकचा आलेख एका गटाने असा आणि प्रभाग दोनचा दुसऱ्या गटाने तसा काढला की ४० अंशांचा फरक दिसतो आणि मुलं त्यावर निष्कर्षाचा परिच्छेद लिहून मोकळी होतात. एकाही घराचं उत्तर वेगळं नसताना!

म्हणून वर्तुळाखाली नुसतं ‘एकूण’ लिहू नका. किती घरं ठरवली होती, किती घरांनी उत्तर दिलं, किती उत्तरं धरून आलेख काढला, हे तीन आकडे लिहा. घर बंद होतं आणि ‘सांगता येत नाही’ म्हणाले, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची एका रकान्यात खिचडी करू नका.

‘इतर’ हाही असाच फसवा घटक. समजा प्रश्न वाहनांचा असता आणि प्रभाग एकच्या गटाने रिक्षा आणि टेम्पो वेगळे ठेवले, दोनच्या गटाने ‘इतर’ मध्ये ढकलले, तर तुलना करण्याआधी एकच्या आलेखातही ते एकत्र करावे लागतात. एकत्र केलेलं नंतर फोडता येत नाही. त्यामुळे पर्यायांची यादी दोन्ही गटांना छापील आणि एकच द्या.

राहिला नमुन्याचा मुद्दा. प्रभागातली सगळी घरं केली तर जो फरक दिसतो तो त्या दिवसापुरता खरा. निवडक घरं केली तर थोडा फरक केवळ निवडीमुळेही येतो. चिठ्ठ्या टाकून घरं निवडली असतील तर शाळेत चालेल असा ढोबळ नियम आहे: १०० ला नमुन्याच्या वर्गमुळाने भागा, तेवढे टक्के मागेपुढे धरा. १०० घरांना १० टक्के, ४०० घरांना ५ टक्के. नमुना चौपट केला तेव्हा कुठे चूक निम्मी झाली, हे लक्षात घ्या.

दोन नमुन्यांतल्या फरकाला दोघांची चूक लागते. वरच्या शाळांचे आकडे नमुन्याचे आहेत असं धरू: १८० ला ७.५, ४८० ला ४.६. दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की ८.८. सायकलचा फरक ११.१ आहे, तो टिकतो. एसटीचा फरक १६.७ आणि १२.५ मधला, म्हणजे ४.२, तो टिकत नाही. आलेखात ६०° आणि ४५° स्पष्ट वेगळे दिसतात, तरीही ‘अ शाळेत एसटीचं प्रमाण जास्त’ असं छातीठोक लिहिता येणार नाही. दुचाकीचा फरक ८.३ हा सीमेवर अडतो. पण हा ढोबळ नियम निम्म्याच्या आसपासच्या वाट्यांसाठी आहे, लहान पाकळ्यांना तो जरा जास्तच कडक पडतो. नेमकं करायचं तर प्रत्येक शाळेसाठी वाटा × (१ − वाटा) ÷ नमुना काढा, दोन्ही मिळवा, वर्गमूळ घ्या, १.९६ ने गुणा. दुचाकीसाठी ते ५.२ टक्के येतं, म्हणजे फरक टिकतो. नववीला हे सूत्र नको, शिक्षकांनी स्वतः पडताळायला ठेवा.

हे सगळं चिठ्ठ्या टाकल्या असतील तरच. मुलं आपल्या ओळखीच्या घरांत गेली, किंवा शाळेच्या सर्वेक्षणात फाटकाशी उभी राहिली आणि सायकलवाले मागच्या दाराने स्टँडकडे जात असले, तर कुठल्याही सूत्राने ते दुरुस्त होत नाही. नमुना वाढवूनही नाही.

---

छापखाना

सरावपत्रिका आणि प्रकल्प दोन्ही संगणकावर होणार असतील तर चार-पाच गोष्टी आधीच सांगतो.

त्रिमितीय वृत्तालेख वापरू नका. वर्तुळ आडवं पाडलेलं असतं, म्हणजे दिसतं ते लंबवर्तुळ. उंची रुंदीच्या निम्मी असेल तर खरा ९०° चा कोन समोरच्या बाजूला मधोमध आल्यास १२७° दिसतो आणि तोच बाजूला आल्यास ५३°. त्यात समोरच्या पाकळीला जाडीची कडा चिकटते ती वेगळीच. ज्याला आपला आकडा फुगवून दाखवायचा असतो तो आपली पाकळी समोर आणून ठेवतो. सपाट वर्तुळ घ्या, विषय संपला.

सपाट वर्तुळही चित्राची चौकट एकाच बाजूने ओढली तर चेपतं. छापण्याआधी आडवा आणि उभा व्यास पट्टीने मोजा. झेरॉक्स लहान-मोठी केल्याने कोन बदलत नाही, चेपल्याने बदलतो. फळ्यावरच्या आलेखाचा तिरका फोटो काढून त्यावर कोनमापक ठेवणं हाही तोच प्रकार.

रंगांचा घोळ हमखास होतो. स्प्रेडशीट रंग घटकाच्या नावावरून देत नाही, ओळीच्या क्रमावरून देतं. प्रभाग दोनमध्ये एका पर्यायाला कुणीच मत दिलं नाही म्हणून ती ओळ गाळली, की त्याखालच्या सगळ्यांचे रंग एकेक घर वर सरकतात. डावीकडे निळं म्हणजे टीव्ही, उजवीकडे निळं म्हणजे वर्तमानपत्र. शून्य आलं तरी ओळ ठेवा. दोन्ही तक्त्यांत क्रम तोच, आणि पहिली पाकळी दोन्हीकडे बाराच्या काट्यापासून सुरू. एकाच आलेखात उतरत्या क्रमाने मांडणी छान दिसते, पण तुलनेच्या जोडीत दोन्ही आपापल्या उतरत्या क्रमाने लावले तर शोधाशोध होते.

पूर्णांकात टक्के करून त्यावरून कोन काढू नका. शाळा ब घ्या: २५, १६.७, १२.५, २९.२, १६.७. पूर्णांक केले तर २५ + १७ + १३ + २९ + १७ = १०१. यांना ३.६ ने गुणलं की कोनांची बेरीज ३६३.६°, शेवटची पाकळी पहिलीवर चढते आणि पोरगं शेवटचा कोन गुपचूप कमी करून वर्तुळ बंद करतं. कोन नेहमी मूळ संख्येवरून काढा. टक्के एका दशांशापर्यंत लिहा, आणि बेरीज १०० च्या थोडी वरखाली आली तर खाली ‘पूर्णांकनामुळे बेरीज १०० नाही’ एवढी ओळ पुरे.

पत्रिका काळ्या-पांढऱ्यात छापणार असाल तर रंगखुणांची पेटी बाजूला ठेवून उपयोग नाही, पाच करडे रंग कुणाला ओळखू येत नाहीत. नाव आणि कोन थेट पाकळीवर किंवा शेजारी रेघ ओढून लिहा. ३०° च्या खालच्या पाकळीत नाव आत मावत नाही.

---

ताळा

वर सगळ्यांनी लिहिलंय त्याला अनुमोदन, पण एक विचारतो: तुलनेसाठी वृत्तालेखच कशाला हवा? दोन वेगळ्या वर्तुळांतले १००° आणि ९०° नुसत्या नजरेने ओळखा बघू. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये हेच प्रयोगाने तपासलं. एकाच रेषेवर उभ्या केलेल्या लांब्या माणसं अचूक ओळखतात, कोन ओळखताना जास्त चुकतात. आठवीत शतमान स्तंभालेख (प्रत्येक स्तंभ १०० टक्क्यांचा, त्याचेच भाग पाडायचे) झालेला असतो, तोच काढायला सांगा. १० सेमीचे दोन स्तंभ, १ मिमी म्हणजे १ टक्का. सायकल एकात २७.८ मिमी, दुसऱ्यात १६.७ मिमी, पट्टी लावली की झालं.

---

नकाशावही

शतमान स्तंभालेखातही मधले भाग तरंगतातच. तळचा घटक एका रेषेवर असतो, वरचा शंभराच्या रेषेला टेकलेला, मधल्या तिघांची सुरुवात दोन स्तंभांत वेगवेगळ्या उंचीवर. तुमच्या उदाहरणात चालत तळाला ठेवलं तर सायकल एकीकडे ३३ मिमीपासून, दुसरीकडे २५ मिमीपासून सुरू होते. खरी तुलना हवी तर टक्क्यांचा जोडस्तंभालेख घ्या, प्रत्येक घटकाचे दोन स्तंभ शेजारी.

पण वृत्तालेखाला मोडीत काढू नका. पाव आणि निम्मं हे नजरेला लगेच कळतं. ‘ब शाळेत बरोबर पाव मुलं चालत येतात’ हे वर्तुळात बघताक्षणी दिसतं, स्तंभात पट्टी लावावी लागते. दोन घटक मिळून निम्म्याच्या वर जातात का, हेही. अ मध्ये चालत आणि सायकल मिळून २२०°, व्यासाच्या पलीकडे. ब मध्ये १५०°, अलीकडे. म्हणजे अ मध्ये निम्म्याहून जास्त मुलं इंधनाशिवाय येतात आणि ब मध्ये नाहीत. अशा प्रश्नाला वृत्तालेखच चांगला, फक्त ते दोन घटक एकमेकांना लागून ठेवायला हवेत. दोघांच्या मध्ये एसटी घातली तर गेलं.

---

ताळा

हे मान्य. निम्म्याच्या वर-खाली विचारायचं तर वर्तुळ, कितीने जास्त विचारायचं तर जोडस्तंभ. पत्रिकेत दोन्ही प्रकारचे प्रश्न ठेवता येतील.

---

सरावपत्रिका

ठरलं. ‘चालत आणि सायकल मिळून निम्म्याहून जास्त कोणत्या शाळेत?’ हा तोंडी प्रश्न म्हणून घेतोय. प्रकल्पात बातम्यांचा प्रश्न ‘सर्वांत आधी’ असा बदलला, पर्यायांची यादी एकच छापतोय.

एक शेवटचं: कोन न लिहिता मुलांना स्वतः मोजायला लावायचे असतील तर ३ सेमी त्रिज्या चालेल का?

---

छापखाना

छपाईला चालेल, मोजायला नाही. कंपासपेटीतल्या कोनमापकाचे अंश केंद्रापासून चार-पाच सेमीवर असतात, ३ सेमीची त्रिज्या तिथपर्यंत पोहोचतच नाही. मग मुलं अंदाजाने वाचतात आणि दोन-तीन अंश सहज चुकतात. ६ सेमी ठेवा, नाहीतर पेन्सिलने त्रिज्या बाहेर वाढवून घ्यायला सांगा. केंद्रबिंदू मात्र छापील आणि ठसठशीत द्या. १८०° हून मोठी पाकळी असेल, जशी गोव्याची नागरी, तर उरलेली १३६° मोजून ३६० मधून वजा करायची.

आणि मोजून काढायचं असेल तर उत्तराला मोकळीक ठेवा. ब शाळेत एक अंश चुकला की १.३३ विद्यार्थी चुकतो. एसटीचा कोन कुणी ४६° वाचला तर उत्तर ६१.३ येतं, ते ६१ लिहितील. ५९ ते ६१ पर्यंत पूर्ण गुण, आणि सव्वा-दीड विद्यार्थी असं अपूर्णांकात उत्तर लिहिलं तर अर्धा गुण कापा.